डोणीतली टिकली

१

गुणवंतराव निमगडे रोज सकाळी सव्वादहाला कचेरीला निघत, आणि निघण्यापूर्वी रोज एकच वाक्य मोठ्यानं म्हणत, "अवो, चष्मा कुठी ठेवला?"

घरात ऐकायला कोणी नव्हतं. बायको जाऊन तेरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि चंद्रपूरच्या बाबुपेठेतल्या त्या दोन खोल्यांत त्यांच्याखेरीज फक्त एक मांजर येई, तेही शेजारचं. तरी वाक्य सुटलं नव्हतं. उत्तर येत नसे, पण चष्मा सापडे. आतल्या खोलीतल्या कोनाड्यात, काड्या मिटून, काचा वर करून ठेवलेला. आपण तो तिथे ठेवल्याचं त्यांना कधी आठवत नसे. पण छप्पन्न वर्षांच्या माणसाला न आठवणाऱ्या गोष्टींची यादी मोठीच असते, आणि हेडक्लार्कला तर विसरण्याचाच पगार मिळतो.

तिकडे कचेरीत त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, एक परिपत्रक येऊन पडलं होतं. विषय होता टिकली. ही टिकली म्हणजे बोटभर लांबीची चंदेरी मासोळी, कपाळावर गुंजेएवढा लाल ठिपका असलेली. जंगलातल्या चारदोन ओढ्यांखेरीज ती कुठे होत नसे. मग शहरातल्या दिवाणखान्यांत सोफ्याच्या पाठोपाठ काचपेट्या आल्या, काचपेट्यांत काहीतरी हलतं हवं म्हणून दुकानदारांनी ओढेच्या ओढे उपसले, आणि टिकली संपत आल्यावर सरकारला तिचा कळवळा आला. यापुढे टिकली पकडणं गुन्हा. मात्र ज्यांच्या घरी ती पैदास होऊन वाढली असेल त्यांनी रीतसर अर्ज करावा, पाहणी करून घ्यावी आणि मालकीचं प्रमाणपत्र न्यावं. अट एकच होती, पण करडी होती. मासा घरात जन्मलेला हवा. ओढ्यातला मासा सरकारचा, आणि असा एक जरी मासा कळपात सापडला तरी अख्खा अर्ज बाद.

मासा घरचा की रानचा हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं, म्हणून पाहणीचं काम गुणवंतरावांच्या गळ्यात पडलं. जिल्हे दोन झाले होते, पण या विषयाचं कपाट एकच राहिलं होतं आणि त्याची किल्ली त्यांच्याकडे होती. अर्ज वाचताना त्यांची बरी करमणूक होई. एका कंत्राटदारानं माशांच्या आईबापांचा फोटो जोडला होता. एका डॉक्टरांनी 'जन्मस्थान' या रकान्यात 'ड्रॉइंग रूम' असं लिहिलं होतं.

सातव्या अर्जावर सही नव्हती, अंगठा होता. सुकरीबाई कोडापे, मुक्काम सिंगनडोह.

गुणवंतरावांनी तो अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. आठवड्यानं तो पुन्हा वर आला. गठ्ठे असे वागतातच. त्यांनी तो परत खाली घातला. तिसऱ्या वेळी साहेबांनीच विचारलं, "निमगडे, हे सिंगनडोहचं काय झालं?" आणि मग जाणं भाग पडलं.

२

सिंगनडोहला ते एके काळी नोकरीला होते. मूल गावापासून पुढे एसटी जिथवर जाई तिथवर जायचं आणि उरलेलं पायी. सरकारी क्वार्टर ओढ्याच्या काठावर होतं. भागीरथेला, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते क्वार्टर पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. पोपडे धरलेल्या भिंती, छपरात घुशी, आणि सबंध रात्र डोहाच्या पाण्याचा आवाज. ती लोखंडी पेटी भरून ठेवी. दर शुक्रवारी भरी आणि सोमवारी पुन्हा रिकामी करी.

"अजी, घरी कधी जाऊ?" ती विचारी. घर म्हणजे बाबुपेठ.

"जाऊ, जाऊ. माही परीक्षा होऊन जाऊ दे."

त्र्याहत्तरच्या जुलैत खात्याच्या परीक्षेसाठी ते नागपूरला गेले. मागं तिला ताप चढला. ओढ्याला पूर आला आणि वाट तुटली. ना डॉक्टर आत येऊ शकला, ना ती बाहेर जाऊ शकली. ती गेली तेव्हा क्वार्टरवरच्या लोकांनीच डोहाच्या काठी तिला अग्नी दिला, आणि गुणवंतराव पोहोचले तोवर चौथा दिवस उजाडला होता. राख पुरानं नेली होती. लोकांनी त्यांच्या हाती ती लोखंडी पेटी दिली. ती भरलेली होती.

परीक्षेत ते पास झाले.

छप्पन्न साली चांद्याच्या मैदानात वडिलांशेजारी उभं राहून त्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. श्राद्ध नाही, पिंड नाही, आत्म्याची भानगड नाही. ते सगळं त्यांना मनापासून पटलेलं होतं, आजही पटत होतं. सलत होतं ते वेगळंच. तिच्यासाठी त्रिशरण म्हणायलासुद्धा तिथं त्यांचा आवाज नव्हता. भरलेली पेटी त्यांनी घरी आणून खाटेखाली सरकवली आणि कधी उघडली नाही.

आता तेरा वर्षांनी ते पुन्हा त्याच वाटेनं चालले होते. सोबत शिपाई लटारू मडावी होता. लटारूचं तोंड पायांपेक्षा जास्त चाले.

"बाबूजी, हे पाहा तुमचं कॉर्टर," लटारू म्हणाला.

क्वार्टरच्या जागी एक चौथरा होता आणि चौथऱ्यावर मोहाचं झाड उगवलं होतं. पलीकडे डोह. म्हणजे डोहाचा खळगा. वरच्या अंगाला बंधारा झाल्यापासून पाणी आलंच नव्हतं. तळाच्या भेगाळलेल्या मातीत शेळ्या बसल्या होत्या.

"पाणी नाही राहिलं," गुणवंतराव म्हणाले.

"नाई ना. पण कधीमधी आवाज येते म्हणते लोक."

"कसला?"

"पाण्याचा. लोकाईले काय बाबूजी, काई बी म्हणते."

गुणवंतरावांनी कान दिला नाही. म्हणजे द्यायचा नाही असं ठरवलं.

३

सुकरीबाई ओसरीत मोहफुलं निवडत बसली होती. सत्तरीची, वाळल्या शेंगेसारखी, पण डोळे तल्लख. वर न बघताच तिनं विचारलं, "या. कोणाले न्यायले आले?"

"न्यायले नाई, बाई," लटारू हसून म्हणाला. "मासे मोजाले आले. सरकारी पाहणी हाय."

"मोजा मंग. थांबले त मोजा."

आतल्या खोलीत जमिनीत पुरलेली एक काळ्या दगडाची डोणी होती, गुरांना पाणी पाजतात तसली, पण चांगली पाच हात लांब. छपराचं एक कवेलू काढून तिथं काच बसवलेली, तिच्यातून उन्हाचा एक तुकडा पाण्यात पडला होता. त्या तुकड्यातून टिकल्या जात-येत होत्या. गुणवंतरावांनी काचपेट्या बऱ्याच पाहिल्या होत्या, पण त्यांतले मासे असे दिसत नसत. इथं ते आपल्या घरात असल्यासारखे दिसत होते.

त्यांनी तीनदा मोजले. एकेचाळीस.

"हे कुठले, बाई?"

"इथलेच. याच डोणीत जन्मले. याईचे मायबाप बी इथीच."

"आणि पहिले?"

"डोहातले. बंधारा झाला, डोह आटाले लागला, तवा माह्या सासऱ्यानं दोन घागरी भरून आनल्या. चौऱ्याहत्तरचा उन्हाळा असन. म्हातारा म्हणे, आता गावात कोणी मेलं त त्याले कुठून आनान?"

गुणवंतरावांनी लटारूकडे पाहिलं. लटारूनं मान खाजवली.

"आमच्यात असते, बाबूजी. माणूस गेला का घरचे पाण्यावर जाते आन नाव घेऊन हाक मारते. जो मासा जवळ येईन त्याले घरी आनते. मंग तो माणूस घरचा झाला. नाई आनलं त भटकते बिचारा."

"पाणी नाई राह्यलं त लोक आता डोणीवर येते," सुकरीबाई म्हणाली. "मागच्या महिन्यात बुधूची माय नेली. तिच्या पहिले पोचूचा पोरगा. बाकीचे मासेच हाय, साहेब. मासे आन काय! हाक येईपर्यंत मासा मासाच राह्यते."

गुणवंतरावांच्या कागदावर यासाठी रकाना नव्हता. त्यांनी 'पैदास: घरगुती' असं लिहिलं.

"मले कागद भेटन ना?" तिनं विचारलं, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा हलला. "दुकानवाला म्हणे, सरकार सारे मासे उचलून नेते. नेले त नेले. पण मंग आमी मेल्यावर यावं कुठून, साहेब?"

एखादी बाई मूलच्या स्टँडवर शेवटच्या गाडीची चौकशी करते तशी ती विचारत होती. गुणवंतराव उत्तर द्यायला वळले, तेवढ्यात त्यांना बेचाळिसावा मासा दिसला.

तो डोणीच्या कोपऱ्यात होता. दगडाकडे तोंड करून, हलत नव्हता, फक्त कल्ले उघडमीट करत होते. बाकीच्या टिकल्या त्या कोपऱ्यात जातच नव्हत्या.

"आणि तो?"

"तो डोणीतला नाई. पहिल्या घागरीतला हाय."

"बारा वर्षांपूर्वीचा? बाई, मासा इतका जगत नाही."

"मासा नाईच जगत," सुकरीबाई म्हणाली.

पाण्यातला उन्हाचा तुकडा जरा सरकला. गुणवंतरावांनी घसा साफ केला आणि नियम समजावून सांगितला. ओढ्यातला एक मासा निघाला तर सगळा अर्ज बाद, बेचाळीसच्या बेचाळीस जप्त. जप्त केलेले मासे रोपवाटिकेतल्या सिमेंटच्या हौदात ठेवत. मागच्या खेपेला तिथं साठ मासे ठेवले होते, आणि कोणीतरी स्वच्छतेच्या दृष्टीनं हौदात ब्लीचिंग पावडर टाकली होती. हौद अतिशय स्वच्छ झाला होता. हे मात्र त्यांनी तिला सांगितलं नाही.

"तोही डोणीतच जन्मला असं सांगा. मी लिहून घेतो. माझं काय जाते?"

"खोटं काऊन सांगू?" म्हातारी ताडकन म्हणाली. "कोणाच्या तरी घरचं माणूस हाय ते. त्याले मी माह्यं म्हणू? उद्या त्याच्या घरचे आले त?"

"बारा वर्षांत आले नाहीत ना?"

"नाई आले," ती म्हणाली, आणि गुणवंतरावांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "तुमी इथी होते ना, साहेब? कॉर्टरात? तुमची बाई इथीच गेली ना?"

४

म्हातारी चहा टाकायला चुलीकडे गेली. लटारू बिडी ओढायला घरामागच्या सांदवाडीत गेला. खोलीत गुणवंतराव, डोणी आणि पाण्याचा बारीक आवाज एवढंच उरलं. डोणीतलं पाणी तर स्थिर होतं. आवाज कुठून येतो ते बघायला त्यांनी खोलीभर नजर फिरवली, माठ पाहिला, छत पाहिलं, आणि मग बघणं सोडून दिलं.

हा वेडेपणा आहे, हे त्यांनी स्वतःला मुद्देसूद पटवून दिलं. पहिला मुद्दा, आत्मा नसतो. दुसरा, असलाच तर तो मासा होत नाही. तिसरा, झालाच तरी भागीरथा या लोकांची नव्हे, तिला त्यांची रीत कशी लागू होईल? तीन मुद्दे झाल्यावर त्यांनी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग ते डोणीवर वाकले आणि हलकेच म्हणाले, "भागीरथा."

स्वतःच्या तोंडून हा शब्द ऐकून ते दचकले. वीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. कोण मारतं? नाव त्यांनी लिहिलं होतं तेवढं. एकदा रेशनकार्डावर, एकदा वारसाच्या फॉर्मवर, एकदा मृत्यूच्या सूचनेवर. तोंडात तो शब्द दुसऱ्याची चप्पल पायात घातल्यासारखा वाटत होता.

एकेचाळीस टिकल्या आवाजानं उधळल्या. कोपऱ्यातली जागची हलली नाही. तिनं तोंडसुद्धा वळवलं नाही.

"ठीक," गुणवंतराव म्हणाले. आपल्याला हसू येतंय असं त्यांना वाटलं, पण हसू आलं नाही. तीन मुद्दे बरोबर निघाल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. त्यांना मात्र पूर ओसरल्यावर डोहाच्या काठाशी वाटलं होतं तसंच पुन्हा वाटलं. शेरा लिहून एकदाचं निघावं म्हणून त्यांनी कागद पुढं ओढला, डोळ्यांना हात लावला, आणि सवयीनं तोंडातून गेलं, "अवो, चष्मा कुठी ठेवला?"

डुबुक् झालं.

कोपऱ्यातली टिकली त्यांच्या पुढ्यात होती. अगदी काठाशी, तोंड पाण्याबाहेर काढून, कपाळावरचा ठिपका ओला लाल. ती वर बघत होती. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे तो बघतो आहे की नुसते डोळे उघडे आहेत हे सांगता येत नाही, असा चौथा मुद्दा गुणवंतरावांच्या मनात आला. त्यांनी एक पाऊल उजवीकडे टाकलं. ती आली. दोन टाकली. ती आली. डोणीच्या लांबीभर ते चालत गेले आणि बायका नवऱ्यामागून चालतात तशी ती हातभर अंतर ठेवून मागून आली.

"अवो," ते पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना ओळखू आला नाही.

टिकलीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

चष्मा डोणीच्या काठावरच होता.

५

त्यानंतरचे पंधरा दिवस गुणवंतराव घरी आले की चहा न घेता बसून राहत. ती तिथं होती. आपण तेरा वर्षं इथं माणसासारखे जेवलो, झोपलो, आणि ती तिकडे दगडाकडे तोंड करून. घरी कधी जाऊ, असं विचारत. त्यांनी ती ठिपक्याची मासोळी इतक्या वेळा आठवली की भागीरथेचा चेहरा आठवायला गेलं तरी कपाळच पुढं येई.

शेवटी त्यांनी घरीच, दिवसाढवळ्या, रविवारी, एक कोरा अर्ज भरायला घेतला. अर्जदार: गुणवंतराव निमगडे. मासे: एक. जन्मस्थान: राहते घर, बाबुपेठ. 'वरील मजकूर खरा आहे' याखाली त्यांनी सही ठोकली. तीस वर्षं लोकांची खोटी प्रतिज्ञापत्रं पकडण्यात घालवलेल्या माणसाला स्वतःचं पहिलं प्रतिज्ञापत्र इतकं सोपं जावं याचं त्यांना नवल वाटलं. ती टिकली आपल्या नावावर झाली की डोणीत उरलेल्या एकेचाळीस निर्दोष, म्हणजे म्हातारीलाही कागद मिळणार. एका खोट्यात दोन घरं उभी राहत होती.

अर्ज तसाच ठेवून ते चहा करायला उठले. परत आले तेव्हा चष्मा अर्जावर होता. कोनाड्यात नव्हता, काड्या मिटलेल्या नव्हत्या. उघडाच, काचा खाली करून, 'जन्मस्थान' या रकान्यावर पालथा पडला होता. काचेवर ओरखडे उमटले होते.

आपणच ठेवला असेल, असं ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.

साहेबांनी गुरुवारी सह्यांच्या गठ्ठ्यात दोन्ही प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. साहेब सही करताना फोनवर बोलत असत, त्यामुळे कामाचा उरक दांडगा होता.

शुक्रवारी सकाळी गुणवंतरावांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. कोनाडा रिकामा होता. उशी झाली, टेबल झालं, खाटेखाली झालं, तेरा वर्षांत पहिल्यांदाच चष्मा सापडला नाही. खाटेखाली वाकले तेव्हा लोखंडी पेटी नेहमीपेक्षा जरा पुढं आलेली वाटली. पण बिनचष्म्याच्या डोळ्यांचा काय भरवसा? गाडी चुकेल म्हणून त्यांनी पितळी कळशी उचलली, दाराला कुलूप लावलं आणि तसेच निघाले.

६

"नेता ना?" सुकरीबाईनं विचारलं. तिनं प्रमाणपत्र उलटंसुलटं पाहिलं, कपाळाला लावलं आणि कवेलूच्या फटीत खोचलं. मग ती डोणीपाशी आली. "साहेब, एक सांगा. नाव घेऊन हाक मारली ना?"

"का?"

"नावानं येते थोच आपला. बिननावाच्या हाकेले कोणी बी येते. पुरात वरून काय काय वाह्यत आलं होतं त्या साली. कोणाची बायको, कोणाचा पोरगा. आसुसलेले राह्यते बिचारे. कोणी आवाज दिला का उठून येते."

गुणवंतरावांनी नाव घेऊन हाक मारली होती, हे खरं होतं. टिकली आली होती, हेही खरं होतं. या दोन खऱ्यांच्या मध्ये जे होतं ते गाळून टाकण्याचा सराव त्यांना तीस वर्षांचा होता.

"हो," ते म्हणाले.

 म्हातारीनं कळशी डोणीत बुडवली आणि टिकली आपणहून आत शिरली. म्हातारीनं कळशीच्या तोंडाला ओलं फडकं बांधलं.

"घरी कोण हाय?"

"कोणी नाही."

"मंग कसं कराल? उंबऱ्यापाशी गेलं का आतल्या माणसानं विचारावं लागते, कोण आलं? आन बाहेरच्यानं नाव सांगावं लागते. मंगच आत घेते. शेजारची बोलवा कोणी."

"बघतो," गुणवंतराव म्हणाले. शेजारणीला काय सांगणार होते?

परतीच्या वाटेवर मूलपर्यंत सोबत असलेल्या लटारूशीसुद्धा ते बोलले नाहीत. मूलला गाडी बदलली. कळशी मांडीवर. मे महिन्याचं ऊन, खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता, पण कळशी गार होती, आणि मांडी गार पडत चालली होती. ते फडक्याशी तोंड नेऊन हळूच बोलत होते. परीक्षेचं सांगितलं. वाट तुटल्याचं सांगितलं. चौथ्या दिवशीचं सांगितलं. तेरा वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सगळं मूल ते चंद्रपूर एवढ्या अंतरात सांगून झालं. पुढच्या बाकावरच्या माणसानं दोनदा वळून पाहिलं, मग जागा बदलली.

"अवो, घरी चाललो ना आता," ते म्हणाले.

आतून पितळेवर एक टिचकी वाजली. गुणवंतरावांनी फडक्यावर गाल टेकला आणि बाभूळगाठीसारखं घट्ट झालेलं काहीतरी त्यांच्या छातीत सुटलं. ते रडले. चष्मा नव्हता ते एका परीनं बरंच झालं.

७

दुपारचे तीन वाजले होते. बाबुपेठेची गल्ली भाजून निघाली होती. दारं बंद, कुत्री गटाराच्या गारव्यात, कुठूनतरी कूलरचा घरघराट. गुणवंतरावांच्या घराला कुलूप होतं, सकाळी लावलं तसंच. त्यांनी कळशी कमरेवर घेतली, एका हातानं किल्ली फिरवली, कडी काढली आणि दार ढकललं.

ते वीतभर उघडलं आणि कशालातरी अडलं.

फटीतून त्यांनी आत पाहिलं. बाहेरच्या उन्हानं डोळे दिपलेले, त्यात चष्मा नाही, त्यामुळे आधी नुसता अंधार दिसला. मग उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, अगदी दाराला टेकून, एक चौकोनी आकार दिसला. लोखंडी पेटी होती. खाटेखालची. कड्या लावलेली, प्रवासाला निघताना दाराशी आणून ठेवतात तशी. आणि पेटीवर त्यांचा चष्मा होता. काड्या मिटून, काचा वर करून.

गुणवंतरावांच्या डोक्यात पाचवा मुद्दा तयार होऊ लागला, आणि अर्ध्यातच राहिला.

कारण आतून, दुसऱ्या खोलीच्या बाजूनं, पावलं आली. अनवाणी, ओळखीची, डाव्या टाचेवर जरा जास्त भार देणारी. ती पावलं पेटीच्या पलीकडे येऊन थांबली. आणि कोणीतरी विचारलं, "कोण आलं?"

तो आवाज आपण विसरलो असं त्यांना वाटत होतं. तो त्यांना एका अक्षरात ओळखू आला. आणि त्याच क्षणी त्यांना सगळं एकदम कळलं. हिनं कोणाची वाट पाहिली नव्हती. नवरा परीक्षेला बसला होता तेव्हाच ती उठून आपल्या घरी आली होती. रोज सकाळी काड्या मिटून, काचा वर करून. तेरा वर्षं.

मग ही कळशीतली?

कमरेवरची कळशी जड झाली होती. माशाएवढी नव्हे, माणूस रेलतं तेवढी. फडक्याखाली काहीतरी उंचावून ऐकत होतं.

"कोण आलं म्हणते ना मी?" आतून पुन्हा आवाज आला. आता त्यात जरा कापरं होतं. "कोण हाय तुमच्यासंग?"

एक नाव घ्यायचं होतं. नुसतं एक नाव, चार अक्षरांचं, रेशनकार्डावर लिहिलेलं. ते घेतलं की कोण आत आणि कोण बाहेर हे ठरून गेलं असतं. गुणवंतरावांनी तोंड उघडलं. त्यांनी खरोखर ते नाव घ्यायचं ठरवलं होतं. पण जिभेला दुसरी वाट ठाऊक नव्हती.

"अवो," ते म्हणाले.

आणि दोन्हीकडून ओ आली.